पहिलं गिऱ्हाईक नगरच असू द्या



नगर महापालिकेचं अंदाजपत्रक ठरण्याचे हे दिवस आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर प्रशासकांनी कारभार पाहिला आणि जानेवारी २०२६ मध्ये आपण १७ प्रभागांतून ६८ नगरसेवक निवडून दिले. आता आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीकडे जातं आणि तिथून महासभेत. रस्ते, गटारी, पथदिवे यांच्या मागण्या आपोआप पुढे येतील, त्यासाठी कुणी आवाहन करावं लागत नाही. मला ज्या मागणीसाठी तुमचा आवाज हवा आहे, ती फारशा कुणाच्या तोंडी नाही. ३१ मार्च उलटला की ती आणखी एक वर्ष मागे पडेल.

मागणी साधी आहे. शहर चालवण्यासाठी वीज, डिझेल, गाड्या, पंप, मोटरी यांवर महापालिका यंदाही पैसे खर्च करणारच आहे. ते पैसे कमी कार्बनच्या वाटेने खर्च व्हावेत, आणि या वाटेवर तयार होणाऱ्या मालाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून आपलं शहर पुढे यावं.

गिऱ्हाईक हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पर्यावरणाचं नाव काढलं की आपल्याकडे झाडं लावण्याचा फोटो निघतो, सायकल फेरी निघते, जागतिक पर्यावरण दिनाला भाषण होतं आणि ६ जूनला सगळं जिथल्या तिथे. हरित अर्थकारण फोटोवर चालत नाही, ते मागणीवर चालतं. कारखानदार नवी यंत्रं टाकतो ती माल खपेल या भरवशावर, आयटीआयमधला पोरगा नवं काम शिकतो तोही गावात ते काम मिळेल या भरवशावर. छोट्या शहरात हा भरवसा देऊ शकेल असं मोठं आणि कायमचं गिऱ्हाईक एकच असतं, ते म्हणजे महापालिका.

आपल्या जिल्ह्याची गोष्टच घ्या.

१ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती नगर–पुणे मार्गावर. किसन राऊत चालक होते, लक्ष्मण केवटे वाहक. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, एसटीने विजेवरची पहिली ‘शिवाई’ रस्त्यावर आणली, तीही याच मार्गावर. पहिलेपणाचा मान असा दोनदा मिळालेला दुसरा मार्ग राज्यात असेल असं वाटत नाही.

आता त्या शिवाईतून नगरला उतरून बघा. गाडी स्टँडात शिरते तेव्हा इंजिनाची घरघर नसते, धुराचा लोट नसतो, कंडक्टरचा आवाज मागच्या सीटपर्यंत नीट ऐकू येतो. तुम्ही पिशवी सावरत बाहेर पडता. बाहेर शेअर रिक्षांची रांग. ‘सावेडी, सावेडी’, ‘प्रेमदान, भिस्तबाग’, ‘एमआयडीसी’. मागे तिघांच्या जागी चौघे, पुढे चालकाशेजारी एक जण अर्ध्या मांडीवर, आणि सीट भरेपर्यंत रिक्षा हलत नाही. पुण्याहून नगरपर्यंतचे सव्वाशे किलोमीटर तुम्ही विजेवर आलात. शेवटचे चार किलोमीटर मात्र अजून जुन्याच जमान्यात आहेत. शहर बससेवा आपल्याकडे सुरू झाली आणि बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा बंद पडली. दर वेळी कारण तेच, तोटा. शहर बस तोट्यात चालते हे खरं आहे, आणि ती जगभर बहुतेक ठिकाणी तोट्यातच चालते. रस्त्यालाही कुणी नफा विचारत नाही.

केंद्राची पीएम ई-बस सेवा २०२३ मध्ये जाहीर झाली, देशभरात १० हजार बसगाड्यांसाठी. त्या यादीत आपल्या शहराचं नाव आहे. बस चालवण्यासाठी दहा वर्षं केंद्राची मदत मिळते. उरलेला भार शहराने उचलायचा असतो, आणि डेपो, थांबे, वेळापत्रक आणि रिक्षावाल्यांशी बोलणी हीही शहराचीच जबाबदारी. हा उरलेला भार अंदाजपत्रकात दरवर्षी ठरलेल्या शीर्षाखाली दिसला नाही, तर विजेवरची बससुद्धा जुन्या बससेवेच्याच मार्गाने जाईल. हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता दुसरी गोष्ट. १९७२ साली कायनेटिकची लुना आली. नगरच्या कारखान्यातून निघालेल्या त्या पन्नास सीसीच्या गाडीवर दूधवाले, पेपरवाले, शाळामास्तर आणि कॉलेजच्या मुली असा अर्धा महाराष्ट्र फिरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीच लुना विजेवर आली, ई-लुना म्हणून, आणि तिची निर्मितीही नगर जिल्ह्यातच होते. मोटरी आणि स्विचगिअर बनवणारे देशातले नावाजलेले कारखाने नागापूरच्या एमआयडीसीत आहेत. वाहनांची चाचणी करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था इथेच आहे. नगर–पुणे रस्त्याने जाताना सुप्याजवळ कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसतात. विजेवरच्या गाडीला जे जे लागतं त्यातलं किती काही आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत तयार होतं किंवा तपासलं जातं, ते मोजून बघा. आणि मग शहरात एक चक्कर मारा. चितळे रोडवर, कापड बाजारात, पाइपलाइन रोडवर महापालिकेच्या मालकीच्या किती गाड्या विजेवर दिसतात ते तुम्हीच बघा.

माल आपला, गिऱ्हाईक परकं. आणि कुठे गिऱ्हाईक आपलं असलं तर माल परका. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने २००९ साली प्रसादालयाच्या छतावर ७३ सौर तबकड्या बसवल्या. त्यांच्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक होऊ लागला, गॅस वाचला, आणि जगातली सर्वांत मोठी सौर वाफेवरची स्वयंपाक यंत्रणा म्हणून तिचं कौतुक झालं. काम उत्तमच होतं. पण यंत्रणा उभी करणारी कंपनी गुजरातमधल्या वलसाडची. त्यात त्यांचा काही दोष नाही, त्यांनी हुन्नर दाखवला. प्रश्न आपण आपल्याला विचारायचा आहे. एवढी मोठी मागणी जिल्ह्यात निर्माण झाली, तिच्या आगेमागे तबकड्या बनवणारे, दुरुस्त करणारे, आरसे घडवणारे इथे का उभे राहिले नाहीत? कारण ती मागणी एकच होती. पुढची ऑर्डर कुठून येणार, हे कुणालाच माहीत नव्हतं.

चीनमधल्या शेन्झेन शहराने हे कोडं सोडवलं. तिथे बीवायडी या बॅटरी आणि गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय आहे. शहराने ठरवलं की आपल्या सगळ्या सार्वजनिक बस विजेवर आणायच्या. २०१७ च्या अखेरीस १६ हजारांहून अधिक बस विजेवर धावू लागल्या. चार्जिंगच्या जागा शहराने दिल्या, अनुदान सरकारने दिलं आणि कंपनीला मिळालं घरचं गिऱ्हाईक. घरच्याच रस्त्यावर तिच्या गाड्या घासूनपुसून निघाल्या. चीनने २०१० साली पाच प्रांत आणि आठ शहरं कमी कार्बनच्या प्रयोगासाठी निवडली, पुढे २०१२ आणि २०१७ मध्ये यादी वाढवली. त्यावर ढीगभर अभ्यास झाले. परिणाम सगळीकडे सारखा झाला नाही. मोठ्या आणि अनेक प्रकारचे उद्योग असलेल्या शहरांनी बाजी मारली, छोटी शहरं मागे राहिली. नगर शेन्झेन नाही हे मलाही कळतं. एक कोटीहून जास्त वस्तीचं ते शहर आणि आपली २०११ च्या जनगणनेतली साडेतीन लाख. पण उद्योगाची जात बघितली तर आपण वाटतो तितके छोटेही नाही.

कुणी म्हणेल, सरकारी निविदेत गावच्या कंपनीला झुकतं माप देता येत नाही. बरोबर आहे, आणि ते देऊही नये. निविदा खुलीच असावी. पण काय विकत घ्यायचं ते शहर ठरवतं. घंटागाडी विजेवरची हवी, मोटर आयई-३ किंवा आयई-४ या कार्यक्षमता दर्जाची हवी, पाच वर्षांची देखभाल शहरातच हवी, एवढ्या अटी घातल्या की निविदा कुणीही जिंको, काम करणारे हात नगरचे राहतात. गाडी कुठलीही असली तरी तिचा ब्रेक सावेडीतच दुरुस्त होणार.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे आवाहन लिहायला घेतलं, तिच्याकडे येतो. पाणी.

नगरचं पाणी मुळा धरणातून येतं. २६ टीएमसीचं धरण, राहुरी तालुक्यात, शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर. धरण खाली आणि शहर वर, त्यामुळे पाण्याचा प्रत्येक थेंब चढावावर ढकलावा लागतो. मुळानगरहून उपसा, विळदला शुद्धीकरण आणि पुन्हा उपसा, मग वसंत टेकडीच्या टाक्या आणि तिथून आपले नळ. ‘विळद येथील वीजपुरवठा खंडित झाल्याने उद्याचा पाणीपुरवठा परवा होईल’ ही बातमी नगरकराला पाठ आहे. बातमी वाचून आपण बादल्या भरतो, टँकरवाल्याचा नंबर शोधतो आणि महावितरणला शिव्या घालतो. पण त्या बातमीचा खरा अर्थ असा की या शहराचं पाणी म्हणजे मुख्यतः वीज आहे.

थोडा हिशेब मांडतो. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायचं तर, पंप आणि मोटरमधली घट धरून, साधारण अर्धा युनिट वीज लागते. पाइपमधल्या घर्षणाचा खर्च वेगळा, आणि गळतीत वाया जाणाऱ्या पाण्यालाही ही वीज लागलेलीच असते. देशातली वीज अजून बहुतांश कोळशाची आहे, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता पंप जुना झाला. त्याची कार्यक्षमता ७५ टक्क्यांवरून ५५ वर आली, तर त्याच पाण्याला एक तृतीयांशाहून अधिक जादा वीज लागते. पाणी तेवढंच येतं, बिल मात्र वाढतं, आणि ते वाढलेलं कुणाला दिसत नाही, कारण बिलावर ‘पंप म्हातारा झाला’ असं छापलेलं नसतं.

मोटरीचंही तसंच आहे. रिवाइंडिंगच्या दुकानात कधी उभे राहिलात? जळालेली मोटर टेबलावर उघडून ठेवलेली असते. काळवंडलेली तार छिन्नीने कापून ओढून काढतात, खाचा साफ करतात, नवी तांब्याची तार वेढा मोजत भरतात, वर वार्निश ओततात आणि ती भट्टीत वाळवतात. सगळीकडे वार्निशचा तो उग्र गोडसर वास. कारागिराचा हात चांगला असेल तर मोटर पुन्हा वर्षानुवर्षं चालते. घाईत केलेलं काम असेल तर दर रिवाइंडिंगला तिची कार्यक्षमता घसरते, आणि ती घसरण पुढे चोवीस तास विजेच्या मीटरवर मोजली जाते. शेतकऱ्याला नवी मोटर परवडत नाही म्हणून तो रिवाइंडिंग करतो, ते समजू शकतं. ज्या शहराच्या वेशीवर चांगल्या मोटरी बनतात, त्या शहराच्या पाणी योजनेवर कुठल्या दर्जाच्या मोटरी चालतात, त्या कधी बसवल्या, किती वेळा भरल्या, हे नागरिकांना कळलं पाहिजे की नको?

म्हणून पहिली मागणी : मुळानगर ते वसंत टेकडी या साखळीतल्या प्रत्येक पंपाचं ऊर्जा लेखापरीक्षण यंदाच व्हावं आणि त्याचा अहवाल महासभेत जाहीर व्हावा. नव्या धरणासाठी भांडण्यापेक्षा हे खूप स्वस्त काम आहे. वाचलेल्या विजेच्या पैशातून नव्या मोटरींचा हप्ता फिटेल की नाही, हे त्या अहवालातच कळेल. फिटत नसेल तर तसंही सांगा, आम्ही मान्य करू.

(निजामशाहीच्या काळात या शहरात आजूबाजूच्या गावांतून खापरी नळांनी पाणी येत होतं. उताराचा नीट अंदाज घेऊन बांधलेली ती नळयोजना होती, आणि तिला युनिटभरही वीज लागत नव्हती. आजच्या शहराची तहान तिच्यावर भागणार नाही. पण या गावाचे इंजिनिअर एके काळी उताराचा विचार करायला शिकले होते, एवढं लक्षात असलेलं बरं.)

विजेवरची गाडी म्हटलं की एक आक्षेप हमखास येतो : वीज तर कोळशाचीच, मग धूर इथला तिथे गेला एवढंच. आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे, कारण वीजही बदलते आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पथदर्शी प्रकल्प राज्याने आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीला केला. शेतीचा फीडर वेगळा काढायचा आणि त्याला दिवसा सौर वीज द्यायची, ही ती कल्पना. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली, तीत सौर प्रकल्पासाठी दिलेल्या खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. सौर ऊर्जा जसजशी वाढेल, तसतशी साठवणुकीची अशी सोय सोन्याच्या मोलाची ठरेल. म्हणजे वीज बनवणं, साठवणं आणि वापरणं, तिन्ही गोष्टी या एकाच जिल्ह्यात आहेत. त्या एकमेकींना जोडणारं धोरण तेवढं नाही.

मात्र इथे एक इशारा देणं माझं काम आहे. सौर प्रकल्पासाठी गायरानं घेतली जातात तेव्हा पारनेर-संगमनेरच्या पठारावरच्या मेंढपाळाची चराई जाते. त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून भाड्याच्या यादीतही ते येत नाही. ग्रामसभेत हा प्रश्न विचारा. शहराची हवा स्वच्छ करताना मेंढरांच्या तोंडचा चारा काढून घेणार असू, तर ते हरित अर्थकारण कुणाचं?

आणि धोरणावर डोळे मिटून विसंबू नका. आपल्या साखर पट्ट्याने याची किंमत मोजली आहे. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून. पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं धोरण आलं तेव्हा त्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, वाढवल्या. शहरातल्या गाड्यांचं तेल शेतात पिकणार, आयातीचा पैसा वाचणार, सगळे खूश. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली. साखरेचा साठा कमी पडेल ही भीती होती. काही दिवसांत थोडी सवलत दिली, बंदी पूर्ण उठली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये. तोपर्यंत मक्याच्या इथेनॉलने जागा धरली. आज पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं, पण त्यातला मोठा वाटा धान्याचा आहे, उसाचा नाही. आपल्या कारखान्यांच्या कर्जाचे हप्ते मात्र ठरल्याप्रमाणे चालूच आहेत. ऊस पाणी किती पितो, हे जायकवाडीला पाणी सोडण्याच्या भांडणात आपण वर्षाआड ऐकतोच, त्यामुळे इथेनॉलला सरसकट हिरवा शिक्का मारायला मी तयार नाही. पण धोरण एका रात्रीत फिरलं की त्यावर उभी राहिलेली माणसं कशी तोंडघशी पडतात, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हणून मी महापालिकेकडे एका वर्षाची घोषणा मागत नाही. पाच वर्षांची लेखी खरेदी योजना मागतो. कधी किती गाड्या, कधी किती मोटरी, कधी किती छतांवर सौर पॅनेल, हे आधीच जाहीर करा. कारखानदार त्याप्रमाणे माणसं नेमेल, बँक त्याप्रमाणे कर्ज देईल.

राज्याचं ताजं ईव्ही धोरण २०२५ मध्ये आलं. २०३० पर्यंत नव्या वाहनांत ३० टक्के विजेवरची असावीत, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे चार-पाच वर्षांत नगरच्या रस्त्यावर आज पेट्रोल-डिझेलच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कित्येक गॅरेजवाल्यांना नवं काम शिकावं लागेल. विजेच्या गाडीत ऑइल बदलायचं नसतं, प्लग साफ करायचा नसतो, क्लचप्लेट नसते. ज्याचं पोट या तीन गोष्टींवर आहे त्याला कुणी विचारलं आहे का? महापालिका, आयटीआय आणि एमआयडीसीतल्या कंपन्या एकत्र बसल्या तर बॅटरी, कंट्रोलर, मोटर यांचं संध्याकाळचं प्रशिक्षण अशक्य नाही. रिक्षावाल्यांचंही तेच. शेअर रिक्षा वाईट म्हणून काढून टाका, असं मी अजिबात म्हणत नाही. बस सुरू होईल त्या दिवशी रिक्षा बसची फीडर व्हावी, थांब्यावर रिक्षा स्टँड असावा, आणि विजेवरची रिक्षा घेणाऱ्याला चार्जिंगची जागा मिळावी. हे आधी बोलून ठरलं नाही, तर पहिल्याच आठवड्यात बसच्या काचा फुटतील आणि पुन्हा एकदा सेवा बंद.

हे सगळं फक्त नगर शहरापुरतं नाही. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता, शिर्डी, कर्जत, पाथर्डी, श्रीगोंदा, जामखेड, शेवगाव, नेवासा, राहुरी इथेही हेच लागू आहे. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात शिर्डी आणि कर्जतने पहिल्याच वर्षी राज्यात वरचे क्रमांक मिळवले, म्हणजे मनावर घेतलं तर छोटं शहरही करून दाखवतं. पण बक्षिसाची रक्कम सुशोभीकरणात गेली आणि पाण्याचे पंप तसेच राहिले, तर बक्षीस नुसतं कपाटात. तिथल्या नागरिकांनीही आपापल्या नगरपरिषदेला किंवा नगरपंचायतीला हेच विचारावं.

घरच्या पातळीवर काय? पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर यंत्रणेला ७८ हजार रुपयांची सबसिडी आहे. तीन किलोवॉटवर दिवसाला साधारण बारा युनिट वीज तयार होते. नगरचं ऊन काही कुणाच्या मेहरबानीचं नाही, फुकट आहे. सावेडीच्या बंगल्यांना हे सहज जमतं. गावठाणातल्या वाड्यांना आणि भाड्याच्या खोल्यांना जमत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. सोसायट्यांनी सामाईक पंप आणि लिफ्टसाठी अर्ज करावा, त्यांना किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. महापालिकेच्या शाळांच्या छतांसाठी तर पालिकेने खिशात हात घालायचीही गरज नाही. रेस्को पद्धतीत खासगी कंपनी स्वतःच्या पैशाने पॅनेल बसवते आणि पालिका फक्त युनिटमागे पैसे देते. फक्त करार नीट वाचा. कमी दिसणारा दर दरवर्षी वाढत जाण्याचं कलम आत असू शकतं.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. ओला कचरा वेगळा दिला तर त्याचं खत होतं, राज्याने त्याला ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हा ब्रँडही दिला आहे, आणि आसपासच्या शेतांना सेंद्रिय खताची गरज आहे. एकत्र दिला तर तो डेपोवर कुजून मिथेन सोडतो आणि उन्हाळ्यात पेटतो. बुरुडगावच्या लोकांनी आपल्या कचऱ्याचा वास किती वर्षं सोसला, ते त्यांना विचारा.

शेवटी कामाचं बोलतो. केंद्राच्या अमृत योजनेतल्या राज्यातल्या ४३ शहरांनी २०२१ साली कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याच्या ‘रेस टू झीरो’ मोहिमेत सहभाग जाहीर केला, त्यात आपलं शहरही आहे. म्हणजे वचन आपण आधीच दिलेलं आहे, त्याची फक्त आठवण करून द्यायची आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा अहवाल महासभेपुढे ठेवायचा असतो. यंदाच्या अहवालात पाणी योजनेची वीज, पथदिव्यांची वीज, वाहनांचं डिझेल आणि कचऱ्याचं वजन हे चार आकडे स्वतंत्र असावेत, असा आग्रह धरा. आकडा नसेल तर पुढच्या वर्षी कुणाला जाबही विचारता येणार नाही.

तुमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. चौघांनाही पत्र द्या, ते कुठल्याही पक्षाचे असोत. पत्र एक पानाचंच असू द्या. त्यात एवढंच लिहा : पंपांचं ऊर्जा लेखापरीक्षण, पाच वर्षांची लेखी खरेदी योजना, शहर बससाठी स्वतंत्र आणि कायमची तरतूद, गॅरेजवाल्यांचं आणि रिक्षावाल्यांचं प्रशिक्षण. सोसायटीच्या, मंडळाच्या, बचत गटाच्या नावाने दिलंत तर अधिक चांगलं. एक प्रत आयुक्तांच्या नावाने महापालिकेच्या आवक-जावक विभागात द्या, स्वतःच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि अंदाजपत्रकाच्या महासभेच्या दिवशी ती प्रत घेऊन प्रेक्षक गॅलरीत या.